रफूचे तीन भाव

११ फेब्रुवारी, मंगळवार

वही, आधी माफी मागतो. सूनबाईने तुला एक तारखेला माझ्या हातात दिलं आणि आज अकरा उजाडली. दहा दिवस तू कपाटावर इस्त्रीशेजारी पडून होतीस आणि मी येता-जाता तुझ्याकडे चोरासारखा बघत होतो. मी चौथीपर्यंत शिकलोय, आणि चौथीतलंही अर्धं वर्ष गोवरात गेलं. त्यानंतर आयुष्यभर जे लिहिलं ते गिऱ्हाइकाच्या कपड्याला टाचायच्या चिठ्ठीवर. 'पँट, गुडघा, शुक्रवार.' याच्यापुढे माझं वाक्य कधी गेलं नाही.

मी रफूगार. फाटलेल्या कापडात धाग्याला धागा विणून ते होतं तसं करतो. जिन्याखालचं दुकान गेल्याला तीन वर्षं झाली. आता सूनबाईच्या डोक्यातून निघालंय की मी हेच काम इंटरनेटवरून करावं. लोक कपडे पार्सलने पाठवतील, मी रफू करून परत पाठवीन. ती स्वतः घरी बसून चित्रफितींखाली अक्षरं टाकायचं काम करते, त्यामुळे तिला यातलं सगळं कळतं.

"बाबा, भाव ठरवायचा तर कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते आधी कळायला हवं. रोज या वहीत लिहा. मनात येईल तेही लिहा, म्हणजे माझं डोकं जरा कमी खाल."

मी म्हटलं, "एकाहत्तराव्या वर्षी नवा धंदा? लोक हसतील."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "हसू देत की. रडतायत कुठे."

१२ फेब्रुवारी

आज भाव ठरवायला बसलो. दोन तास बसलो, भाव ठरला नाही, चहा मात्र चार वेळा झाला.

"तीन पॅकेज करायची, बाबा. साधं, मधलं, खास."

"अगं, रफू एकच असतो."

"लोकांना निवडायला आवडतं."

"निवडायचं काय त्यात? भोक बुजलं की बुजलं. अर्धं बुजलं तर त्याला भोकच म्हणतात."

ही आतून ओरडली, "चौथंही ठेव गं, फुकटाचं! यांचं सगळ्यात जास्त तेच खपायचं."

पुढे एक चौकोन भरायचा होता, 'किती वेळा दुरुस्ती मोफत?' मी विचारलं, दुरुस्तीचीच दुरुस्ती कसली? ती हसत सुटली आणि तिथे शून्य लिहिलं. शून्य बघून मला घाम फुटला. लोकांना वाटेल, हा दुरुस्तीच करत नाही.

तीन भाव म्हटलं की मला सुतळी आठवतो. जे लिहायचं टाळत होतो ते हेच, तेव्हा लिहून टाकतो.

सुतळी माझा भागीदार. अंगाने इतका किडकिडीत की सगळा बाजार त्याला सुतळी म्हणायचा. तो मला गाठ म्हणायचा, कारण मी सरळ गोष्टीचीही गाठ करून ठेवतो. एकतीस वर्षं आम्ही जिन्याखाली दोन स्टुलांवर एका दिव्यात बसलो. तो डावखुरा, म्हणून डावीकडे बसायचा, कोपराला कोपर लागू नये म्हणून. घाई त्याच्या अंगात नव्हती. बाजाराला आग लागली असती तरी त्याने आधी हातातली रांग पुरी केली असती. भाव तोच सांगायचा. माझ्या तोंडून पैशाचा आकडाच निघत नसे.

एके दिवशी एका बड्या असामीचा बारीक लोकरीचा कोट आला, सिगारेटने जळलेला. त्याच दिवशी एका पहारेकऱ्याचा स्वेटर आला. दोन्ही भोकं वाटाण्याएवढी. सुतळीने कोटाचे स्वेटराच्या सहापट घेतले. मला रात्रभर चैन पडेना. भोक तेवढंच, मग माणूस बघून भाव? दोन दिवसांनी सुतळी धागे आणायला गेला होता तेव्हा कोटवाला कोट न्यायला आला. मी त्याला जास्तीचे पैसे परत केले आणि म्हणालो, "माझ्या भागीदाराची चूक झाली."

पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थाने सुतळीचेच आभार मानले. सुतळीने हातातली रांग पुरी केली. मग म्हणाला, "तू भोक बघतोस, गाठ. मी वीण बघतो. आणि तू मला गिऱ्हाइकासमोर चोर ठरवलंस." स्वतःचं स्टूल उचललं आणि गेला. सात वर्षं झाली. लेकीकडे राहतो एवढं कानावर आहे.

सहा वर्षं मला वाटत होतं की मी बरोबर होतो. सातव्या वर्षी जरा कमी वाटतं. पण कमी का वाटतं ते सांगता येत नाही, म्हणून त्याच्याकडे जाताही येत नाही. जाऊन काय म्हणू?

१५ फेब्रुवारी

फोटोचं लचांड. इंटरनेटवरच्या आमच्या पानावर कामाचे नमुने दाखवावे लागतात, आधीचा आणि नंतरचा. हिच्या जुन्या कोटाला बाहीवर फाट होती. फोटो काढला, रफू केला, पुन्हा फोटो काढला. नंतरच्या फोटोत नुसती बाही. सूनबाईने फोन उलटा करून बघितला, जवळ धरून बघितला.

"बाबा, यात काहीच दिसत नाही."

"मग? रफूच आहे तो."

"लोक म्हणतील, फाटायच्या आधीचा फोटो लावलाय."

आयुष्यभर ज्याच्यासाठी मान मोडली, ते चांगलं जमलं तर दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून विकलं जात नाही. शेवटी तिने फोटोवर एक लाल बाण काढला आणि लिहिलं, 'इथे फाटलं होतं.' बाण कुठे काढायचा ते मलाच दोनदा शोधावं लागलं.

१८ फेब्रुवारी

दुकान उघडलं. म्हणजे सूनबाईने एक बटण दाबलं. कुलूप नाही, फळ्या नाहीत, झाडू मारायचा नाही. अशाने उघडल्यासारखं वाटत नाही, म्हणून मी खोली झाडून काढली.

भाव असे. साधं, शंभर. त्यात रफू थोडा दिसेल. मधलं, दोनशे. निरखून बघितलं तर दिसेल. खास, चारशे. दिसणार नाही. सगळे भाव कपड्यामागे. ही तिची युक्ती. मी मान डोलावली, कारण माझ्याकडे दुसरी नव्हती.

२१ फेब्रुवारी

पहिलं काम आलं! टॅक्सीवाल्याचा स्वेटर, कोपराला भोक. साधं पॅकेज. सुटे टाके उचलले, दीड तासात स्वेटर धड झाला. मग आठवलं, हे तर साधं. यात थोडं दिसायला हवं. माणूस शंभरच देतोय. त्याला चारशेचं काम दिलं तर चारशे देणाऱ्याला मी काय तोंड दाखवू?

म्हणून उसवलं आणि वाईट करायला बसलो. वही, हात ऐकेना. एक टाका ढिला घातला की पुढचा टाका त्याला आपोआप सावरून घेतो. तीनदा उसवलं. चौथ्यांदा डोळे मिटून केलं, तर सगळ्यात सुरेख झालं. वाईट रफूला चांगल्याच्या तिप्पट वेळ लागला आणि शेवटी जमलाच नाही.

ही दारात उभी राहून बघत होती. "लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली," म्हणाली. "घरातलं एक काम नीट करा म्हटलं तर जमत नाही, आणि इथे वाईट करा म्हटलं तर जमत नाही. माणसाने सांगायचं तरी काय?"

स्वेटर तसाच पाठवला. सूनबाईला म्हटलं, वहीत दीड तासच धर, बाकीचा वेळ माझ्या मूर्खपणाचा.

२५ फेब्रुवारी

दुसरं काम. गिऱ्हाईक पानावर स्वतःचं नाव लावत नाही, 'बारीक नजर' असं टोपणनाव लावतं. एक काळी विजार, मांडीवर काटकोनात फाट, साधं पॅकेज. फाटही कशी, अगदी धाग्याधाग्यावरून, जणू कुणी कात्रीने बेतून कापली. खिळ्याला अडकून असं फाटत नाही. जगात काय काय खिळे असतात!

चार तास लागले. पार्सलवरचे पत्ते सून बघते. तेवढं बारीक अक्षर मला भिंगाशिवाय दिसत नाही, आणि भिंग मी कापडासाठी ठेवलंय. आजचा पत्ता बघून ती उगाचच हसली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही बाबा, पिनकोड मजेशीर आहे."

२ मार्च

टॅक्सीवाल्याने पाच तारे दिले. त्याने लिहिलंय, 'भोक सापडत नाही. बायकोने पैज लावली होती, हरली.'

बारीक नजरेने चार दिले आणि खाली लिहिलं, 'काम पक्कं, हिशोब कच्चा. घेतले साध्याचे, केलं खासचं. एक तारा भाव चुकला म्हणून कापला.'

असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही. स्वस्त मिळालं म्हणून तक्रार! दिवसभर तोच विचार. जेवणात लक्ष नव्हतं, हिने मीठ जास्त पडलंय का विचारलं. पडलं होतं. मला कळलंही नव्हतं.

३ मार्च

मोठं काम! एका वादकाचा काळा कोट. माणूस क्लॅरिनेट वाजवतो. त्याने लिहिलं, 'कोटाला कसर लागली आहे, खास पॅकेज घेतो.' पैसे आधीच भरले. मी आनंदाने हो म्हटलं.

पार्सल उघडलं, कोट दिव्यासमोर धरला आणि दिवा पलीकडून चमचमायला लागला. एकोणीस भोकं, एकेक टाचणीच्या डोक्याएवढं. कापड इतकं बारीक की भिंगाखालीही धागे एकमेकांत मिसळतात.

"कपड्यामागे चारशे लिहिलंय आपण," सूनबाईने कपाळाला हात लावला. "भोकामागे लिहायला हवं होतं. बाबा, मी त्यांना कळवते, भाव बदलावा लागेल."

"नाही. हो म्हटलं ना मी? झालं."

"एकोणीस आहेत!"

"मोजायच्या आधी हो म्हटलं, ती चूक माझी. त्याची कसर मी त्याच्याकडून का भरून काढू?"

१० मार्च

सहा दिवस काही लिहिलं नाही. फक्त कोट. आतल्या शिवणीतून एकेक धागा काढायचा आणि भोकावर आणून विणायचा. मान धरली आहे. कोट आज पुरा झाला, एक्केचाळीस तास लागले. पण वही, तुला म्हणून सांगतो, अकराव्या भोकाला मी गुणगुणत होतो. हिने ऐकलं. तिने खिडकी बंद केली. शेजाऱ्यांसाठी असेल.

१३ मार्च

आज वादकाचा फोन. आवाज तापलेला.

"तुम्ही चुकून दुसराच कोट पाठवलाय. माझ्या कोटाला भोकं होती."

मी म्हटलं, "होती ना. एकोणीस."

"याला एकही नाही!"

"मग तोच."

काही केल्या पटेना. मी म्हटलं, आतला खिसा बघा, मी खिशातल्या वस्तूला हात लावत नाही. खिशात त्याला त्याचंच जुनं बसचं तिकीट सापडलं.  नंतर म्हणाला, आणखी पैसे देतो. मी म्हटलं, ठरलं ते ठरलं. इकडे सूनबाईने डोकं टेबलावर टेकवलं.

मग तो म्हणाला, "तुमच्याकडे थोडा वेळ आहे का? फोन मोठ्या आवाजावर लावा." आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. आमच्या या खोलीत, इस्त्री, कात्र्या आणि पार्सलांच्या ढिगात, अर्धा तास क्लॅरिनेट. ही ओल्या हातांनी बाहेर आली ती भिंतीला टेकून उभीच राहिली. शेवटी म्हणाली, "यांना विचारा, आणखी एखादा कोट आहे का."

१४ मार्च

आज सूनबाईने ही वही समोर ठेवून माझे तास मोजले. स्वेटर दीड तास, शंभर. म्हणजे तासाला सहासष्ट. कोट एक्केचाळीस तास, चारशे. म्हणजे तासाला दहासुद्धा नाही.

ती म्हणाली, "बघा बाबा, तुमचं किती नुकसान झालं."

मी नुकसान बघतच नव्हतो. मी टॅक्सीवाला बघत होतो. माझ्या एका तासाचे त्याने सहासष्ट दिले आणि वादकाने दहा. म्हणजे जाड्याभरड्या कपड्याचा माणूस तलम कपड्याच्या माणसाचा भार वाहतोय, आणि तो भार त्याच्या खांद्यावर मीच ठेवलाय.

मग तो पहारेकरी आठवला. स्वेटराला तासभर, कोटाला दोन दिवस, आणि मी दोघांना एकाच भावात बसवायला निघालो होतो. वर स्वतःला न्यायी म्हणवत होतो. सुतळी माणूस बघून भाव लावत नव्हता. तो कापड बघून लावत होता. त्याने तोंडाने सांगितलंही होतं. मी माझ्या चांगुलपणात इतका गुंग, की मला ऐकूच आलं नाही.

सात वर्षं. एका साध्या भागाकारासाठी सात वर्षं. चौथीत भागाकार शिकवत होते तेव्हाच मला गोवर आला होता.

१५ मार्च

बारीक नजरेचा निरोप आला. सूनबाईने वाचून दाखवला. 'वादकाच्या कोटाबद्दल पानावर वाचलं. भोकाकडे काय बघता? विणीकडे बघा. बोटभर कापडात धागे किती ते मोजा आणि त्यावर तीन भाव लावा. जाड, मध्यम, बारीक. भोकामागे, कपड्यामागे नाही. रफू मात्र सगळ्यांना एकच, उत्तम. वाईट रफू तुम्हाला या जन्मात जमायचा नाही.'

आधी रागच आला. पन्नास वर्षं सुई धरलेल्याला गिऱ्हाईक शिकवणार! मग पुन्हा वाचायला लावलं. एकेक शब्द बरोबर. कुठेतरी ऐकल्यासारखंही वाटलं. वाईट रफू मला जमत नाही हे याला कसं कळलं कोण जाणे. मी ते फक्त तुझ्यात लिहिलंय. लोक हुशार असतात.

हिला म्हटलं, "माणूस यातला जाणकार दिसतो."

ही म्हणाली, "अहो, तुम्हाला सुईचं नेढं अंधारात सापडतं, पण समोरचा माणूस..." आणि सूनबाईला एकदम खोकला आला, तशी ही गप्प झाली. अर्धवट बोलायची हिची खोडच आहे.

१७ मार्च

नवे भाव लावले. जाड कापड, भोकामागे साठ. मध्यम, दीडशे. बारीक, चारशे. खाली मी स्वतः सांगून लिहून घेतलं: 'काम तिन्हींत सारखंच होईल. भाव वेगळा आहे तो वेळेचा आहे, माणसाचा नाही.' सूनबाई म्हणाली, इतकं चांगलं वाक्य तिलाही सुचलं नसतं. मी तीनदा वाचून घेतलं. ही म्हणाली, आता चौथ्यांदा वाचलंत तर त्याचेही साठ घेईन.

टॅक्सीवाल्याला चाळीस परत पाठवले. यावेळी सूनबाईला आधी विचारून.

२४ मार्च

आठवड्यात अकरा कामं! एका बाईंनी विचारलं, त्यांच्या बारीक जाकिटाच्या एवढ्याशा भोकाचे चारशे का? पूर्वीचा मी असतो तर निम्म्यावर आलो असतो आणि वर माफी मागितली असती. मी सांगितलं, "बाई, भोक एवढंसंच आहे, पण त्यात एकशेदहा धागे मेलेत. प्रत्येकाच्या जागी नवा उभा करायचाय." त्या म्हणाल्या, "अरे बापरे, मग सावकाश करा." आकडा माझ्या तोंडून निघाला, आणि निघाल्यावर छत कोसळलं नाही.

एकाने मोजा पाठवला होता. त्याला कळवलं की साठ खर्च करू नका, त्यात नवी जोडी येईल. त्याने उलट कळवलं, 'आईने विणलेला आहे.' मग केला. साठच घेतले. ऐंशी घ्यावेत असं सूनबाईचं म्हणणं, फुकट करावा असं माझं. साठ लिहिलंय तर साठ. भाव लावण्यात हे सुख असतं हे मला माहीत नव्हतं. दर वेळी मनाशी भांडावं लागत नाही.

फक्त एक काटा आहे. हे ज्याला सांगायला हवं, त्यालाच सांगितलेलं नाही.

२९ मार्च

आज घाईने लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

सकाळी बारीक नजरेचं दुसरं पार्सल आलं. करडी लोकरीची शाल. बारीक कापडाचा पूर्ण भाव भरलेला. सोबत निरोप, 'अर्धं झालं आहे, उरलेलं तुम्ही करा. पूर्ण भाव घ्या. परत करू नका.'

शाल उघडली, भिंग लावलं. भोकाचा अर्धा भाग विणलेला होता. रांगा उजवीकडून सुरू झालेल्या. वळताना दोन धागे सोडून तिसऱ्याखालून परतलेल्या. असं जगात एकच माणूस परततो. एकतीस वर्षं माझ्या डाव्या कोपराशेजारी परतत होता.

मी ओरडलो, "सुतळी!"

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "पडला बाई एकदाचा उजेड!"

सूनबाई हसत होती आणि डोळेही पुसत होती. "मला पहिल्याच पार्सलावर कळलं होतं, बाबा. पत्ता त्यांच्या लेकीचा होता. मी फोन केला तर त्यांनी शपथ घातली, गाठीला सांगायचं नाही, त्याचं त्याला सुटू दे. मग काय, रोज फोन. तुम्ही स्वेटर तीनदा उसवलात ते मी सांगितलं तेव्हा पलीकडे एवढे हसले, की त्यांच्या लेकीला वाटलं ठसका लागला."

म्हणजे खिळा वगैरे काही नव्हताच. धड विजार कापली त्या माणसाने, मला काम मिळावं म्हणून! आणि वर तारा कापला!

रागवायचं होतं, पण मला इतकं हसू येत होतं की भिंगावर वाफ धरली.

३० मार्च

शाल पुरी केली. एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. सुतळीच्या पहिल्या रांगा रेघेसारख्या आहेत, पण शेवटच्या सात-आठ तिरक्या गेल्यात. दोन ठिकाणी तर एकाच धाग्यावरून दोनदा गेलाय. घाई केली असणार. म्हातारपणी माणूस उतावळा होतो. हिला दाखवलं तर तिने शाल हातात घेतली, बराच वेळ त्या रांगांवरून बोट फिरवलं आणि घडी घातली. सूनबाई एवढंच म्हणाली, "ते हल्ली निरोप स्वतः लिहीत नाहीत, बाबा. बोलतात, लेक लिहून घेते. आलेलंही तीच वाचून दाखवते." मोठा माणूस झालाय, लेखनिक ठेवलाय!

नियमाने त्या तिरक्या रांगा उसवायला हव्या होत्या. सुई लावली आणि काढून घेतली. त्याच्या शेवटच्या रांगेला लागून माझी पहिली रांग घातली. तिरकीच्या कलाने थोडी तिरकी, मग हळूहळू सरळ. जोड मलाही आता सापडत नाही.

भाव पूर्ण घेतला. परत केला नाही.

३१ मार्च

पत्र पाठवायचंय. फोन कर म्हणतात सगळे, पण फोनवर मी रडेन किंवा भांडेन. आधी इथे कच्चं लिहितो, सूनबाई शालीबरोबर पाठवील.

सुतळ्या,

चूक माझी होती. कोटाचे पैसे परत केले तो अपमान होता, आणि तू त्या दिवशी सांगितलंस ते खरं होतं. मला ते एका टॅक्सीवाल्याच्या स्वेटराने शिकवलं. उशीर झाला, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

तुझी घाई मला आवडली नाही, ते समोरासमोर बोलू.

आता कामाचं. आठवड्याला अकरा-बारा कपडे येतात. सुई मी चालवीन, त्यात मला त्रास नाही. मला त्रास होतो तो लोकांशी बोलायचा आणि कापडाचा भाव सांगायचा. तू तर कापड नुसतं अंगठ्या-बोटात चोळून धागे सांगायचास. कित्येकदा मान वळवून गिऱ्हाइकाशी गप्पा मारत सांगायचास, बघतही नव्हतास, आणि कधी चुकला नाहीस. तेवढंच तू कर. तुला सुई धरायला लावणार नाही. एकतीस वर्षं धरलीस, पुरे झाली. माझ्या डावीकडची खिडकीजवळची जागा उबदार आहे. तिथे बसायचं, कापड चोळायचं, जाड की मध्यम की बारीक ते सांगायचं आणि फोनवर गिऱ्हाइकांना हसवायचं. मिळेल त्यात निम्मं तुझं. यावर घासाघीस चालणार नाही, आकडा सांगायला मी आता शिकलोय.

ही विचारते, चहात साखर अजून तीनच चमचे का. सूनबाई म्हणते, लेकीलाही घेऊन या.

उत्तर लेकीकडून लिहून घे, नाहीतर नुसता एक शब्द बोलून पाठव, पण लवकर कळव. हो असेल तर आजच कळव. नाही असेल तर दोन दिवस नीट विचार कर, आणि मग हो म्हणून कळव.

तुझा,
गाठ